टाच दुखायलीय, मग बुटात नेमकं घालायचं तरी काय?

यावेळचं पत्र जालन्याहून आलंय. लिहिणाऱ्या ताई जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहेत, वय ४१, दोन वर्षांपासून रविवारी संभाजीनगरच्या एका ग्रुपसोबत किल्ले फिरायलेत. प्रश्न इनसोलचा आहे, म्हणजे बुटात तळव्याखाली घालतात त्या गादीचा. पत्र लांबलचक आहे, कामापुरतं देतो.

"दादा, अंतूर आणि लागोपाठ वेताळवाडी करून आले, तेव्हापासून उजवी टाच दुखायलीय. सकाळी पलंगावरून खाली पाय टेकला की खिळा घुसल्यासारखं होतं, दहा-वीस पावलं टाकली की कमी होतं. उतरताना दोन्ही अंगठे बुटाला पुढं धडकतात, एक नख काळं पडलंय. दुकानदाराने साडेतीनशेचं जेलचं इनसोल दिलं, ते बुटातल्या इनसोलवरच ठेवलं, तर आता बूट वरून आवळतो आणि टाच मागून निसटते. ग्रुपमधला एकजण म्हणतो सरळ पाच हजाराचं इम्पोर्टेड घ्या. सासरे म्हणतात आम्ही पैठणहून नाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला अनवाणी गेलो, आम्हाला नाही लागलं काही इनसोल-फिनसोल. डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक बुक केलाय. काय घेऊ? मिस्टर पण येणारेत, त्यांना शुगर आहे, त्यांनाही तेच घेऊ का? — टाचेनं हैराण, जालना"

ताई, पहिलं काम म्हणजे ते जेलचं इनसोल बुटातून काढा. पत्र वाचून झाल्यावर नाही, आधी काढा आणि मग पुढचं वाचा.

कारण असं की बुटाच्या आत जागा मोजून ठेवलेली असते, पाय किती जाडीचा, मोजा किती जाडीचा आणि कंपनीचं जे पातळ इनसोल येतं ते किती, एवढा हिशोब धरून बूट शिवलेला असतो, त्यात तुम्ही वरून अजून एक जाड थर टाकला म्हणजे पाय सगळाच्या सगळा वर उचलला गेला, आता वरचं चामडं पायाच्या पाठीवर दाबणार आणि टाच मागच्या खोबणीतून बाहेर येणार. तुम्हाला नेमकं तेच व्हायलंय. नवीन इनसोल घालायचं तर जुनं काढूनच घालायचं, एकावर एक कधीच नाही. हे वाक्य दुकानदार का सांगत नाहीत देव जाणे.

मला स्वतःला हे कळायला एक किल्ला लागला. बऱ्याच वर्षांपूर्वी सुतोंड्याला जाताना मी पण असाच हुशारपणा केला होता, बूट नवा होता, आत गुबगुबीत वाटावं म्हणून मेडिकलमधून सिलिकॉनच्या पट्ट्या आणून टाकल्या, वर चढताना राजेशाही थाट आणि खाली उतरताना दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड, गाडीपर्यंत मित्राच्या स्लीपर घालून आलो. त्या पट्ट्या नंतर घरी खुर्चीच्या पायाखाली लावल्या, तिथं मात्र फार छान काम करायल्यात.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात एक नाही तीन दुखणी आहेत आणि तुम्ही तिन्हीला मिळून एकच औषध मागायलात. टाचेचं दुखणं वेगळं, अंगठ्याच्या नखाचं वेगळं आणि टाच निसटते ते वेगळं. शेवटचं तर जेल काढलं की बहुतेक जाईलच. नखाचं कारण इनसोलपेक्षा बूट आणि लेस यात जास्त आहे. आणि टाचेला इनसोलची मदत होते पण एकट्या इनसोलने ती बरी होत नाही. हे नीट वेगळं केलं नाही तर पाच हजार काय दहा हजार घातले तरी तुम्ही मार्चमधे मला परत हेच पत्र लिहाल.

नखापासून सुरू करू, ते सोपंय. पायावर वजन पडलं की तळव्याची कमान थोडी दबते आणि पाय लांबीला-रुंदीला पसरतो, त्यात दिवसभर चालून पाय सुजतो ते वेगळं, वर पाठीला सॅक. म्हणजे सकाळी दुकानात घातला तेव्हा बरोबर बसलेला बूट दुपारी चार वाजता उतरणीला अर्धा नंबर लहान झालेला असतो. तुम्ही रोजच्या चपलेच्याच नंबरचा घेतला असणार, खरं ना? बुटातलं मूळ इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, ट्रेकचे मोजे घालून त्यावर उभ्या राहा, संध्याकाळी राहा म्हणजे पाय सुजलेला असेल. सगळ्यात लांब बोटाच्या पुढं एक-सव्वा सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. (आणि सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही, कित्येकांचं शेजारचं बोट लांब असतं, तेच मोजायचं.) बाजूने पाय इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर बूट अरुंद आहे. जागा उरतच नसेल तर ताई, वाईट वाटेल पण बूटच बदलावा लागेल, जगातलं कुठलंही इनसोल लहान बुटाला मोठा करत नाही.

जागा उरत असेल तर मग दोष लेसचा आहे. आपल्याकडं लोक बूट खाली गाडीपाशी एकदा बांधतात आणि परत गाडीपाशी येऊनच सोडतात. वर पोचल्यावर, उतरायच्या आधी बसा, टाच दगडावर दोनदा आपटून मागं सरकवा, घोट्याच्या वाकणीपाशी लेसला दोनदा पीळ द्या म्हणजे खालचा ताण खालीच राहतो, आणि मग वरच्या हुकांना आवळा. ट्रेकवाले या गाठीला सर्जन्स नॉट म्हणतात. यात एक पैसा जात नाही. नखं सरळ कापा, आणि ट्रेकच्या दोन दिवस आधीच कापा, आदल्या रात्री बारीक कुरतडून नको.

आता टाच. सकाळचं पहिलं पाऊल टेकलं की कळ आणि चाललं की कमी, हे लक्षण सांगितलं की बहुतेक डॉक्टर प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो, तळव्याची कमान ताणून धरायचं काम त्याचं. आपल्या संभाजीनगरात भडकल दरवाज्याची कमान बघा, ती दगडाची, शेकडो वर्षं जागची हलली नाही. पायाची कमान तशी नाही, एका पायात २६ हाडं, ती प्रत्येक पावलाला दबणार आणि परत उठणार, दबलीच पाहिजे, नाहीतर सगळा दणका गुडघ्याला जाईल. पण ती जास्त दबायली, तासन्‌तास दबायली, त्यात पोटऱ्या आखडलेल्या, की तो पट्टा टाचेपाशी जिथं चिकटलाय तिथं दुखावतो. रात्रभर पाय सैल पडून तो आखडतो आणि सकाळी तुम्ही एकदम सगळं वजन टाकता, मग खिळा.

त्यामुळं पलंगावरून उतरायच्या आधीच बसल्या बसल्या टॉवेल तळव्यात अडकवून बोटं स्वतःकडं ओढा, अर्धा मिनिट, तीन-चार वेळा. दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात लावून पोटरी ताणा, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली. पाण्याची छोटी बाटली फ्रीझरमधे गोठवून तिच्यावर तळवा फिरवा, दहा मिनिटं, टीव्ही बघत. आणि घरात अनवाणी फिरणं काही महिने बंद. आपल्याकडच्या शहाबादी फरश्या टाचेला फार निर्दयी असतात. स्वयंपाकघरात आणि देवघरात चप्पल चालत नाही हे मला माहितीय, मग घरातल्या घरात वापरायला एक वेगळी कोरी स्लीपर ठेवा, ती बाहेर न्यायचीच नाही, सासूबाईंना पण तसं सांगून टाका. शाळेत दिवसभर उभं राहता ना तुम्ही? तिथल्या सपाट पातळ चपलेचा पण यात वाटा आहे. रविवारच्या आठ तासांनी टाच बिघडली असं तुम्हाला वाटतं, पण सोमवार ते शनिवार ती चप्पल तिला सुधरू देत नाहीये.

आणि एकदा ऑर्थोच्या डॉक्टरला दाखवाच. टाच दोन्ही बाजूंनी हाताने दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, मुंग्या येत असतील किंवा सूज असेल तर लगेच जा, ट्रेक पुढं ढकला, कारण मग ते हाडाचं किंवा नसेचं पण असू शकतं.

एवढं झाल्यावर आता इनसोल, ज्याच्यासाठी तुम्ही पत्र लिहिलं.

सगळ्यांचा गैरसमज एकच की इनसोल म्हणजे मऊपणा. दुकानात हात लावून बघतात, दाबतात, अरे वा किती सॉफ्ट, घेऊन टाकतात. तुम्हाला बाज माहिती असेलच, गावाकडं असायचीच. बाजेची नवार ढिली झाली की झोपणाऱ्याची कंबर खाली जाते आणि सकाळी उठवत नाही. त्यावर अजून दोन वाकळी टाकून बघा, कंबर तेवढीच खाली जाईल, फक्त मऊ मऊ खाली जाईल. नवारच ताणावी लागते. जेल म्हणजे ती वाकळ आहे. तुम्हाला नवार ताणणारं इनसोल पाहिजे.

म्हणजे त्यात टाचेपासून कमानीच्या पुढपर्यंत खालून एक टणक सांगाडा असतो, प्लॅस्टिकचा, नायलॉनचा, महागात कार्बन फायबरचा, त्यावर फोमचा थर आणि मागं टाचेला खोल वाटी. ती वाटी लई महत्त्वाची. टाचेच्या हाडाखाली चरबीची एक गादी देवाने दिलेलीच आहे, सपाट इनसोलवर ती बाजूंना पसरून पातळ होते, वाटीत बसवली की हाडाखालीच गोळा राहते. म्हणजे जी गादी तुम्ही साडेतीनशेला विकत आणली ती तुमच्या पायातच होती, फक्त जागेवर धरून ठेवायला कोणीतरी पाहिजे होतं. शिवाय टाच वाटीत घट्ट बसली की ती डावी-उजवीकडं डुलत नाही, वेताळवाडीच्या उतारावर सुटे दगड-गोटे असतात तिथं घोटा मुरगळायची भीती कमी होते. कमान धरली गेली की पाय लांबीला पण कमी पसरतो, त्यामुळं अंगठ्याला थोडा आराम मिळतो, पण थोडाच, वर लेसचं सांगितलं ते विसरू नका.

बुटासोबत जे येतं ते बघा काढून. चांगल्या-चांगल्या महाग बुटांत सुद्धा आत तीन-चार मिलिमीटरचा फोमचा सपाट तुकडा असतो, कंपनीला माहिती असतं की दुकानात कोणी आत बघत नाही. दहा-बारा ट्रेकनंतर टाचेखाली तो पापडासारखा होतो.

दुकानात गेलात की हे करून बघा. इनसोल दोन्ही टोकांना धरून वाकवा, ते पुढं बोटांच्या मुळापाशी वाकलं पाहिजे, मधे कमानीत दुमडलं तर ठेवून द्या. मग टॉवेल पिळतो तसं पिळा, मागचा अर्धा भाग पिळला जाता कामा नये. मग कमानीच्या उंचवट्यावर अंगठा जोरात दाबा, सपाट झाला तर तो उंचवटा निस्ता दाखवायचाय, तुमचं साठ-पासष्ट किलो वजन त्याला काय झेपणार. आणि टाचेची वाटी बोटांनी बाजूने चिमटा, कड उभी राहते का बघा. दुकानदार बघत राहील, बघू द्या.

कमान किती उंचीची घ्यायची हा पुढचा प्रश्न, आणि इथं लोक उलटं करतात. घरी पाय ओला करून कोरड्या फरशीवर किंवा जुन्या पेपरवर ठसा उमटवा. मधे बारीक पट्टी उमटली तर कमान उंच, पाय बराचसा पूर्ण उमटला तर सपाट, अर्धा-अधिक उमटला तर मधली. आता सपाट पायवाल्याला वाटतं माझी कमान पडलीय म्हणजे सगळ्यात उंच इनसोलने ती वर उचलू. नाही हो. मग दिवसभर तळव्याखाली लिंबू ठेवून चालल्यासारखं वाटतं आणि मधेच फोड येतो. सपाट पायाला कमी किंवा मध्यम उंचीची पण टणक कमान लागते, आणि उंच कमानवाल्याला उंच, कारण त्याच्या पायाखाली पोकळी असते, सगळं वजन टाचेवर आणि चवड्यावर पडतं, त्याला टेकायला जागा पाहिजे आणि थोडा मऊपणा पण पाहिजे. एक अजून बघा, आरशापुढं चवड्यावर उभ्या राहा. सपाट पायाला सुद्धा चवड्यावर गेल्यावर कमान दिसली तर पाय लवचिक आहे, इनसोलने फरक पडेल. चवड्यावर जाऊनही सपाटच राहिला आणि दुखत असेल तर दुकानात नका जाऊ, डॉक्टरकडं जा.

ओल्या पायाचा ठसा म्हणजे काही एक्सरे नाही, उभ्या उभ्याचा पाय आणि सॅक घेऊन उतरतानाचा पाय यात फरक असतो. त्यामुळं शेवटचा निर्णय बूट घालूनच. स्वतःचे ट्रेकचे बूट आणि ट्रेकचे मोजे पिशवीत घालून दुकानात न्या, लाजू नका. जुनं काढून नवीन टाका, टाच मागं आपटा, लेस बांधा, आणि पंधरा मिनिटं दुकानात फिरा, पायऱ्या असतील तर उतरून बघा. टाच उचलते का? वरून चामडं दाबतंय का? कमानीचा सगळ्यात उंच भाग तुमच्या कमानीखालीच आलाय का की पुढं चवड्याकडं सरकलाय? पुढं आला असेल तर साईज चुकलीय. इनसोलचा नंबर बुटाच्या नंबरावरून घेतात ते अर्धं बरोबर, खरं माप टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचं असतं. बोटं आखूड असणाऱ्याला त्यामुळं कधी एक नंबर मोठं घेऊन पुढून कापावं लागतं. त्यात काही चूक नाही.

जाडीकडं पण बघा. काही इनसोल जाड असतात, काही पातळ. ट्रेकिंगच्या उंच बुटात आत जागा जरा बरी असते म्हणून जाडवालं बसतं, पण तेच तुम्ही रोजच्या साध्या बुटात घालायला गेलात तर जमणार नाही. एकाच जोडीवर घरदार चालवायचा विचार सोडा.

पैशाचं बोलू. ते पाच हजारवालं, सुपरफीट या परदेशी कंपनीचं हिरवं असतं तसलं काहीतरी असणार. चांगलंच असतं ते, कमान उंच, वाटी खोल, टणक. पण त्याची कमान उंच आहे म्हणजे ते सगळ्यांना चालतं असं नाही, तुमच्या ग्रुपमधल्या भाऊंचा पाय आणि तुमचा पाय एकाच साच्यातून निघालेला नाही. इथं हजार-दीड हजारात पण टणक सांगाड्याचे इनसोल मिळतात, पिळायची परीक्षा पास झालं आणि तुमच्या पायाला बसलं तर ते घ्या, मनात काही आणू नका. ऑनलाईन मागवणार असाल तर परत घेतात का ते आधी बघा आणि बसतंय याची खात्री होईपर्यंत कात्री लावू नका, कापलेलं कोणी परत घेत नाही. आणि कोणी म्हणलं पायाचा साचा घेऊन खास बनवून घ्या, तर टाचेच्या या साध्या दुखण्यात तयार इनसोल आणि साच्यावरचं यात फार फरक पडत नाही असं अभ्यासात दिसलेलं आहे, त्यामुळं आधी तयार वापरून बघा. पायाची ठेवणच वेगळी असेल, जुनं ऑपरेशन असेल तर गोष्ट निराळी.

कापायचं असेल तर बुटातलं जुनं इनसोल वर ठेवून पेनाने रेघ मारा आणि फक्त बोटांकडून कापा, टाचेकडून कधीच नाही. थोडं थोडं कापा, घालून बघा, परत कापा. कमी कापलं तर पुढची कड बुटात वळते आणि बोटांना टोचते, जास्त कापलं तर इनसोल आत पुढं-मागं सरकतं. हाताला सवय नसेल तर बूट शिवणाऱ्या मामांकडं न्या, वीस-तीस रुपयांत ते तुमच्या-माझ्यापेक्षा दहापट सफाईने करून देतात.

आणि मग लगेच किल्ल्यावर पळू नका. पहिल्या दिवशी घरातच तास-दोन तास, रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवस, मग सकाळचं फिरणं, मग देवगिरीसारखा पायऱ्यांचा किल्ला, तिथं चढ-उतार मोक्कार आणि नाही जमलं तर गाडी जवळ. सुरुवातीला कमान जरा अवघडल्यासारखी होते, दाबल्यासारखं वाटतं, ते चालतं, पाच-सात दिवसांत जातं. पण कळ आली, बोटं बधिर झाली, गुडघा नव्याने दुखायला लागला तर ते इनसोल तुमचं नाही, काढून टाका, सवय होईल म्हणून सहन करत बसू नका. डिसेंबरच्या ट्रेकला नवीन इनसोल निदान दीड महिना आधी पायात पाहिजे, म्हणजे दिवाळीच्या आसपास घेऊन टाका.

केदारकंठ्याचं थोडं वेगळं सांगतो. उंची साधारण १२,५०० फूट, डिसेंबरात बर्फ असण्याची शक्यता भरपूर. आपल्याकडं कळसूबाई १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, तिथं थंडी म्हणजे चहा प्यायला निमित्त. तिकडं बोटं गारठणं ही चेष्टा नाही. लोक काय करतात, थंडी वाजेल म्हणून दोन मोजे, वर जाड इनसोल, आणि बूट तोच. पाय आवळला गेला की बोटांपर्यंत रक्त नीट पोचत नाही, आणि मग बोटं उलट जास्त गार पडतात. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत, ही एकच खूण धरा. जे जाड मोजे तिकडं घालणार तेच घालून इथं इनसोल आणि बूट बसवून बघा. जेल बर्फात नको, ते गारठतं आणि कडक होतं, वरून लोकर किंवा नमद्यासारखा थर असलेलं थंडीसाठी बरं. मोजे लोकरीचे, सुती नाही, सुती भिजले की भिजलेलेच राहतात आणि फोड आणतात. सांकरीला, म्हणजे जिथून हा ट्रेक सुरू होतो त्या गावात, भाड्याचे बूट घ्यायचा विचार असेल तर स्वतःचं इनसोल सोबत न्या आणि त्यांचं काढून ते घाला, पण बसतंय का ते गावातच चालून बघा, वरच्या कॅम्पवर कळून काही उपयोग नाही.

पुढं कधी तुमच्या डोक्यात उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायचं आलं (येणार, मला लक्षणं दिसायलीत) तर गिर्यारोहणाचे बूट म्हणजे अजून वेगळं प्रकरण, त्यांचा तळच वाकत नाही, बर्फात रोवायचे लोखंडी काटे म्हणजे क्रॅम्पॉन लावायचे असतात, त्यामुळं प्रत्येक पावलाला टाच आत उचलायला बघते. तिथं खोल वाटीचं इनसोल फार कामाला येतं. तेव्हा परत लिहा, सविस्तर सांगेन.

मिस्टरांचं. त्यांना तेच घेऊ नका, आणि दुसरं पण स्वतःच्या मनाने घेऊ नका. शुगरवाल्यांना कधीकधी तळव्याची जाणीव कमी झालेली असते आणि ते त्यांना स्वतःला कळत नाही. टणक इनसोलची कड घासली, फोड आला, तुम्ही-आम्ही ओरडू, त्यांना पत्ताच लागणार नाही, आणि ती जखम भरायला महिने जातात. डॉक्टरकडून आधी पायाची तपासणी, जाणीव ठीक आहे का, रक्तपुरवठा ठीक आहे का, आणि ते सांगतील तसंच इनसोल. ट्रेकला रोज संध्याकाळी टेंटमधे मोजे काढून तळवे तुम्ही स्वतः बघायचे, बोटांच्या मधे सुद्धा, टॉर्च लावून. ते म्हणतील काही नाही झालं, तरी बघायचे.

सासऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. लहानपणापासून अनवाणी मातीत चाललेला पाय वेगळाच असतो, बोटं पसरलेली, तळव्याचे स्नायू दोरीसारखे, कातडी चपलेच्या तळासारखी. शिवाय वारीत पाठीला बारा किलोची सॅक नव्हती, मातीची वाट होती. आपला पाय सिमेंटवर आणि सपाट चपलेत वाढला, तो एका रविवारी बेसॉल्टच्या दगडावर आठ तास आपटायचा आणि मग वारकऱ्यांच्या पायाशी तुलना करायची, हे काही खरं नाही. पण त्यांच्या बोलण्यातलं एक घ्या, पायाला काम द्या. टाच बरी झाली की फरशीवर टॉवेल टाकून बोटांनी गोळा करायचा, चवड्यावर हळूहळू वर-खाली व्हायचं. इनसोल आधार देतं, ताकद देत नाही. आणि सासऱ्यांना सहज विचारून बघा, वारीहून आल्यावर भेगांत काय भरायचे. आमच्या आजीला कोकमाचं तेल लागायचं, आणि ती हे कोणाला सांगायची नाही.

सांभाळायचं कसं ते पटकन. ट्रेकहून आलात की इनसोल बुटातून बाहेर काढा, सावलीत वाऱ्याला ठेवा. मेच्या उन्हात गच्चीवर किंवा गाडीच्या काचेपाशी ठेवलं तर आपल्याकडच्या ४२-४३ डिग्रीत फोम आकसतो आणि थर सुटतात. मशीनमधे नाही, साध्या साबणाने हाताने. साधारण आठशे किलोमीटर किंवा वर्षभर चालतं असं धरा, पण अंगठा दाबून बघायची परीक्षा तेव्हाही करा, आकड्यापेक्षा ती खरी. आणि बूट पण बघा हां, चार-पाच वर्षं माळ्यावर पडलेल्या बुटाचा मधला तळ आतल्या आत कुजतो आणि किल्ल्यावर अख्खा सोल निघून हातात येतो, तसल्या बुटात नवीन इनसोल घालणं म्हणजे पडक्या वाड्याला रंग देणं.

तर तुमचा क्रम असा लावा, आज जेल बाहेर, या आठवड्यात डॉक्टर आणि टॉवेलचा व्यायाम, बुटाचं माप, लेस. टाच जरा शांत झाली की मध्यम कमानीचं, खोल वाटीचं टणक इनसोल, बुटासकट दुकानात जाऊन, ठशावरून कमान उंच निघाली तरच उंच. तोवर दोन-तीन रविवार किल्ला नको, ग्रुपवाले चिडवतील, चिडवू द्या.

ता.क. — इनसोल कापायला घरातली शिवणकामाची कात्री घेऊ नका. प्लॅस्टिकने तिची धार जाते, आणि त्यानंतर तुमच्या घरात जे होईल त्यावर या सदरात सल्ला मिळणार नाही.